सदस्याने राजीनामा दिला म्हणून आमची तक्रार बंद कशी काय होते?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सचिव,
आर्थिक सल्लागार संघटना

विषय: आईची तक्रार चौकशी न करता बंद केल्याबद्दल

सर/मॅडम, नमस्कार,

तुमचं तक्रार बंद केल्याचं पत्र परवा कराडला आईच्या पत्त्यावर आलं. चार ओळींचं पत्र, तेही इंग्लिशमध्ये. आईने फोनवर मला एकेक शब्द स्पेलिंगसकट वाचून दाखवला. संबंधित सदस्याने सदस्यत्वाचा राजीनामा दिलाय, तक्रारदाराला पैसेही परत मिळालेत, सबब प्रकरण निकाली काढलंय, असं त्यात लिहिलंय. सहा महिने थांबलो त्याचं उत्तर हे. म्हणून आता सगळं परत एकदा सविस्तर लिहितेय, कारण माझी खात्री झालीय की तुमच्या कमिटीतल्या कुणीच आमची फाईल धड उघडून पाहिलेली नाही.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती, आता वय ६७, पेन्शन महिन्याला २८ हजार. मे २०२४ मध्ये तिची ४ लाखांची एफडी मॅच्युअर झाली. तुमचे सदस्य आमच्याच गल्लीतले, बाबा होते तेव्हापासून घरी येणंजाणं, मी लहानपणापासून त्यांना काकाच म्हणते. ते म्हणाले वहिनी, एफडीसारखंच आहे, एकदा भरायचं आणि विसरून जायचं, पाच वर्षांत चांगले वाढून मिळतील. आईने चेक दिला. वर्षभराने मे २०२५ मध्ये मोबाईलवर मेसेज आला की तुमचा ४ लाखांचा वार्षिक प्रीमियम ड्यू आहे. आईला वाटलं फ्रॉडचा मेसेज आहे, तिने डिलीट करून टाकला. दुसरा आला तेव्हा मला फोन केला. तर ती दरवर्षी ४ लाख भरायची, अशी १२ वर्षं भरायची विमा पॉलिसी निघाली. आईची वर्षाची सगळी पेन्शन धरली तरी ३ लाख ३६ हजार होतात हो. वर्षभर काही न खाता-पिता बसली असती तरी तिला तो प्रीमियम भरता आला नसता.

कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची कॉपी मागवली. त्यात आईचं वार्षिक उत्पन्न १५ लाख लिहिलंय, व्यवसाय शेती व व्यापार. आमच्याकडे गुंठाभर शेती नाही. पत्रव्यवहाराचा पत्ता काकांच्या ऑफिसचा टाकलेला, त्यामुळे पॉलिसी बॉण्ड आला तो थेट त्यांच्याकडे, आणि आईला सांगितलं की कागद आमच्याकडे सेफ राहतील. म्हणजे पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत नको असेल तर परत करायचा जो हक्क असतो त्याचा तिला पत्ताच लागला नाही. कंपनीचा व्हेरिफिकेशनचा फोन येईल, त्यात सगळ्याला हो म्हणा नाहीतर पैसे अडकतील, हेही आधीच सांगून ठेवलेलं. आणि शेवटच्या पानावर, प्रपोजल देणाऱ्याने मराठीत सही केली तर फॉर्मातला मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला असं तिसऱ्या माणसाने लिहून द्यायचं असतं, तिथे ज्याची सही आहे त्या माणसाला आईने आयुष्यात पाहिलेलं नाही. तिची स्वतःची सही मात्र आहे, वळणदार, फळ्यावरच्या अक्षरासारखी. ती बघून मला रडू आलं. आई म्हणाली, आयुष्यभर पोरांना सांगितलं वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि मीच केली.

पैशांचा विषय आम्ही वेगळा लढलो. जूनमध्ये कंपनीला लेखी तक्रार केली, ३० दिवस वाट बघितली, मग ऑगस्टमध्ये पुण्याच्या विमा लोकपालाकडे गेलो. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आईने स्वतःच्या हाताने मराठीत अर्ज लिहिला. कंपनीने सुनावणीच्या आधीच नोव्हेंबरमध्ये सगळी रक्कम परत केली. पण हे पैसे परत मिळायला तुमच्या संघटनेची काडीचीही मदत झालेली नाही, आणि आता तेच कारण पुढे करून तुम्ही फाईल बंद करताय याचा जास्त त्रास होतो. तुमच्याकडे मी पैसे मागितलेच नव्हते. १४ जूनच्या माझ्या अर्जातलं पहिलंच वाक्य आहे की ही तक्रार तुमच्या सदस्याच्या वागणुकीबद्दल आहे.

तुमच्याकडे का आलो तेही सांगते. काकांच्या ऑफिसच्या काचेच्या दारावर तुमच्या संघटनेचं स्टिकर आहे, आचारसंहिता पाळणारा सदस्य सल्लागार असं लिहिलेलं, आत खुर्चीच्या मागे फ्रेम करून सर्टिफिकेट. आईला मी विचारलं की तू एवढा विश्वास कसा ठेवलास, तर ती म्हणाली अगं ओळखीचा आहेच आणि वर संघटनेचं सर्टिफिकेट पण आहे की. म्हणजे सही करताना तुमचं नाव तिच्या डोळ्यासमोर होतं. तुमच्या नावावर त्यांनी धंदा केलाय, मग त्यांनी काय केलं ते तपासायची जबाबदारी तुमची नाही तर कुणाची?

आता या सहा महिन्यांत काय झालं ते. आधी सांगितलं पाचशेच्या स्टॅम्पवर अ‍ॅफिडेव्हिट द्या, दिलं. मग तुमची शिस्तभंगाची नियमावली मागितली तर ती फक्त सदस्यांना मिळते म्हणे. ज्या नियमांनी माझी तक्रार तपासणार ते नियम मलाच बघायला मिळणार नाहीत, मग मी म्हणणं मांडू कशाच्या आधारावर? सदस्याने लेखी खुलासा दिलाय असं फोनवर सांगितलं, त्याची कॉपी आजपर्यंत मिळाली नाही. तिघांच्या कमिटीतले एक जण आणि काका मिळून दरवर्षी गुंतवणूकदार मेळावा घेतात, बॅनरवर दोघांचे फोटो असतात, अख्ख्या कराडने बघितलेत. त्यांना या प्रकरणातून बाजूला ठेवा असं मी ऑगस्टमध्ये रजिस्टर पोस्टाने कळवलं. त्यावर काहीच नाही. ते कमिटीत शेवटपर्यंत होते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोन. तक्रारीवर संपर्कासाठी माझा नंबर दिलाय, तरी तुमच्याकडून तीन वेळा आईला फोन गेला, दुपारी, ती घरात एकटी असताना. ताई, तुमचे पैसे मिळाले ना, मग आता कशाला त्याच्या पोटावर पाय आणता, त्याच्या मुलीचं लग्न ठरतंय, एक कागद लिहून द्या तक्रार मागे घेतली म्हणून. आई साधी बाई आहे, तिसऱ्या फोननंतर ती दिवसभर जेवली नाही, मला म्हणाली आपण काही पाप तर करत नाही ना गं. ज्या बाईला फसवलं तिलाच तुम्ही अपराधी वाटायला लावलंत. हे फोन कुणी केले, कुणाच्या सांगण्यावरून केले, याचं लेखी उत्तर मला पाहिजेच आहे.

सुनावणी ठेवली डिसेंबरमध्ये. मी पिंपरीहून ऑफिसला रजा टाकून निघणार होते, आईने कागद पिशवीत नीट लावून ठेवलेले. दोन दिवस आधी काकांचा राजीनामा, तो त्याच दिवशी मंजूर, आणि सुनावणी रद्द. सहा महिने जी संघटना एका पत्राला उत्तर देत नाही ती राजीनामा एका दिवसात मंजूर करते.

मी पिंपरीत एका सीएंच्या ऑफिसमध्ये अकाउंट्स बघते, त्यामुळे दुसऱ्या व्यवसायांत हे कसं चालतं थोडंफार माहिती आहे. सीएंच्या इन्स्टिट्यूटकडे १९४९ च्या कायद्याखाली तक्रार झाली तर तक्रारदाराने मागे घेतो म्हटल्यावर ती आपोआप संपत नाही, आणि शिस्त समितीत केंद्र सरकारने नेमलेले लोकही बसतात, नुसते सीएच एकमेकांचं बघत नाहीत. वकिलांचं तर १९६१ च्या कायद्यात, कलम ३६ब मध्ये, स्पष्टच आहे की राज्याच्या बार कौन्सिलच्या शिस्त समितीने एका वर्षात तक्रार निकाली काढायची, नाही काढली तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. मान्य आहे, तुमच्यामागे असा कायदा नाही, तुम्ही नोंदणी केलेली संस्था आहात, लायसन रद्द करायचा अधिकार तुम्हाला नाही हे तुमच्या सेक्रेटरींनी मला दोनदा ऐकवलं. पण लायसनचं मी कुठे म्हणतेय? जे सदस्यत्व तुम्ही दिलं, जे स्टिकर तुम्ही छापलं, त्याबद्दल बोलतेय. ते द्यायचा अधिकार आहे तर काढून घ्यायचा पण आहेच, आणि का काढलं हे सांगायचा पण.

काकांशी माझं वैर नाही, उलट बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलची धावपळ त्यांनीच केली होती, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले होते, चूक झाली एवढं म्हणाले असते तरी आईला बरं वाटलं असतं. ते म्हणाले वहिनींनी वाचून सही केलीय. आमच्या गल्लीत आईसारख्या पेन्शनवर जगणाऱ्या अजून सात-आठ जणी आहेत आणि त्यातल्या दोघींनी त्यांच्याकडेच पैसे ठेवलेत, त्यांच्या हातातही बॉण्ड नाहीत. माझं पत्र वाचून तुमच्या ऑफिसमधल्या एकानेही त्या दोघींची चौकशी केली नाही.

तर आता मला पुढचं पाहिजे. तक्रारीचं कारण राजीनाम्याच्या आधी घडलंय, त्यामुळे चौकशी परत सुरू करा, राजीनामा दिला तरी. मेळाव्यातल्या त्यांच्या मित्राला कमिटीत बसवू नका आणि संघटनेच्या बाहेरचा निदान एक माणूस घ्या. खुलाशाची आणि नियमावलीची कॉपी मला द्या. दोषी निघाले तर तसं तुमच्या रेकॉर्डवर आणि त्यांच्या विमा कंपनीला कळवा, नाही निघाले तर कारणासकट लिहून द्या, मी मान्य करीन. आणि ते स्टिकर तेवढं काढून घ्या. काल आई भाजी आणायला गेली तेव्हा तिने बघितलं, अजून दारावर तसंच आहे.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर सगळ्या पत्रांच्या कॉपी जोडून मी ज्या कार्यालयात तुमची संस्था नोंदवलेली आहे तिथे अर्ज देणार आहे. उत्तर आईच्याच नावाने पाठवा, फोन करू नका, आणि मराठीत लिहा, तिला ते स्वतः वाचायचंय.

आपली,
तक्रारदाराची मुलगी

सोबत: १४ जूनचा तक्रार अर्ज, प्रपोजल फॉर्मची कॉपी, अ‍ॅफिडेव्हिट, ऑगस्टमधल्या रजिस्टर पोस्टाची पावती, तुमचं तक्रार बंद केल्याचं पत्र