फाट्यापर्यंतचे चार किलोमीटर कोण मोजणार

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेजारच्या चार गावांची पण हीच रड आहे. गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत आणि सगळी काळी जमीन. पाऊस पडला की बाईकचं मागचं चाक मडगार्डला चिखल घट्ट बसून फिरायचंच बंद होतं, मग काडीनं कोरत बसायचं.

आमच्याकडं आधी एसटीची मुक्कामी गाडी यायची. रात्री आठला देवळापुढं लागायची, ड्रायव्हर कंडक्टर देवळातच झोपायचे, कंडक्टर दिव्याखाली बसून तिकिटाचे पैसे मोजायचा आणि आम्ही पोरं टकमक बघत बसायचो. सकाळी सहाला दोनदा हॉर्न. कॉलेजची एखादी पोरगी दिसली नाही तर "ती आली नाही का अजून" म्हणून थांबायचे पण. कोरोनात ती बंद पडली ती पडलीच. विचारायला गेलो तर म्हणे रस्ता खराब आहे. रस्त्याचं विचारलं तर म्हणे लोकसंख्या बसत नाही. आता घ्या!

ही लोकसंख्येची भानगड नीट सांगतो. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत आपल्यासारख्या सपाट भागात रस्त्याला ५०० लोकवस्ती लागते आणि आताच्या चौथ्या टप्प्यालासुद्धा आकडा धरलाय २०११ च्या जनगणनेचा. आमच्याकडं झालंय असं की बोअर पडले तशी माणसं रानात रहायला गेली, गावठाणात कुलपं जास्त आणि माणसं कमी. एकेका वस्तीवर दीड-दोनशे डोकी. सगळ्या मिळून गाव चांगलं मोठं आहे, पण नियमात ५०० मीटरच्या आतल्याच वस्त्या एकत्र धरता येतात आणि आमच्या दोन वस्त्यांच्या मधे किलोमीटरभर तुरीचं रान. म्हणजे माणसं आहेत पण बेरीज होत नाही.

माझी पुतणी २०११ च्या जूनमधली, मोजणी मार्चलाच संपलेली. ती आता दहावीला आहे, रोज फाट्यापर्यंत चालत जाते, पण त्या आकड्यात ती नाहीच की हो. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, चांगलंच आहे, पण फाट्यापर्यंत काय पास उचलून नेतो का? संध्याकाळी वडापवाला, म्हणजे सीटवर पैसे घेणारा जीपवाला, सतरा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि अंधार पडला की आत यायला तयारच होत नाही.

आता नवी जनगणना येतेय, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे माणसं मोजणार फेब्रुवारीत, साखर कारखाने चालू असताना. आमच्या भागातली किती घरं तेव्हा कोयता घेऊन बाहेर ऊसतोडीच्या फडावर असतात ते सगळ्यांना माहिती आहे, बाकीची पोरं पुण्यात कंपनीत. ती तिकडं मोजली जातील आणि गाव कागदावर अजून बारीक होईल. आणि हो, त्यात गावात बस येते का हेपण विचारतात, नसेल तर जवळची किती लांब. २०११ ला ५ किलोमीटरच्या आतलं सगळं अंतर एकाच गटात धरलं होतं. आम्ही चार किलोमीटरवाले त्यात आरामात बसतो, जसं काय बस दारातच आहे.

माझं म्हणणं एवढंच की वाडीवस्तीच्या भागात ५०० मीटरची अट सोडा आणि त्या एका रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्या वस्त्यांची माणसं एकत्र धरा. ग्रामपंचायतींनी पण वस्तीवार यादी आताच करून ग्रामसभेत ठरावाला जोडून ठेवावी, मागून रडून उपयोग नाही.

परवा लग्नाची ट्रॅव्हल्स चुकून आमच्या रस्त्याला लागली, तर बारकी पोरं "गाडी येलालीय, गाडी येलालीय" करत वेशीपर्यंत पळत गेली. देवळापुढं गाडी वळवायची जागा अजून मोकळीच आहे, तिथं कुणी ट्रॅक्टरसुद्धा लावत नाही.

आपला,
एक वाचक, दक्षिण सोलापूर