रुळांच्या जागेबद्दल विचारलंत म्हणून

व्हीटन, इलिनॉय

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेचं काय करतात? अतिक्रमण होत नाही का?" फोनवर हे सगळं सांगून होत नाही, नातवंडं मध्येच फोन ओढतात. म्हणून लिहायलाच बसले.

आमच्या घरामागची ती बारीक खडीची वाट, जिच्यावर पोरांना सायकल चालवताना तुम्ही पाहिलंत, ती आधी रेल्वेच होती. शिकागोहून ऑरोरा आणि एल्जिनला जाणारी विजेची गाडी. इकडची नोकरदार माणसं तिनेच शहरात जायची. मग शिकागोत मोठा हमरस्ता बांधायला घेतला आणि गाडीची शहरातली वाट तुटली. १९५३ पासून अलीकडे फॉरेस्ट पार्कला उतरून दुसरी गाडी धरावी लागे. लोक मोटारींकडे वळले, तोटा वाढत गेला. शेवटी ३ जुलै १९५७ ला कंपनीने भर दुपारी प्रवासी गाड्या थांबवल्या. सकाळी गाडीने कामावर गेलेली माणसं संध्याकाळी परतायला निघाली, तर गाडीच नाही! आपली शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूरची ती आता बंद पडलेली छोटी गाडी, रखडत का होईना, पण नेलेल्या माणसाला दारव्ह्याला परत आणून सोडायची.

१९६१ मध्ये मार्ग कायमचा सोडून दिला. रूळ उपटून नेले आणि मागे राहिली गावागावांतून जाणारी अरुंद, लांबच लांब पट्टी. शहराजवळची जागा, म्हणजे किती जणांचा डोळा असेल तुम्हीच समजा.

इथे एक बाई पुढे आल्या. मे वॉट्स. जवळच्या मॉर्टन वृक्षोद्यानात त्यांनी लोकांना झाडं-गवतं ओळखायला शिकवलं होतं. वय सत्तर. इंग्लंडातल्या शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा त्या चालून आल्या होत्या. त्यांनी १९६३ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहिलं: ही पट्टी अखंड आहे तोवरच चालण्यासाठी राखा, उशीर केलात तर हातची जाईल. मग मैत्रिणी जमवल्या, गावोगाव बोलत फिरल्या. ड्युपेज काउंटीने, म्हणजे आपली जिल्हा परिषद म्हणा, १९६६ मध्ये आपल्या हद्दीतली पट्टी या स्वयंसेवकांच्या संस्थेला भाडेपट्ट्याने दिली. या वाटेला 'इलिनॉय प्रेअरी पाथ' म्हणतात. सगळे फाटे धरून शंभरेक किलोमीटर भरते.

प्रेअरी म्हणजे इथलं मूळचं उंच गवताचं रान. त्यातलं बहुतेक सगळं मक्या-सोयाबीनखाली गेलं. रेल्वेच्या कडेला मात्र नांगर लागला नव्हता, म्हणून तिथे जुनी गवतं नि रानफुलं कुठे कुठे तगून राहिली. आणि गाडीला चढ झेपत नाही म्हणून रेल्वेचा भराव सपाट असतो, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतली म्हातारी माणसंही इथे आरामात फिरतात. आईचे गुडघेसुद्धा कुरकुरणार नाहीत. त्रास एकच, दर थोड्या अंतराने मोटारींचा रस्ता आडवा येतो.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. इथे रेल्वेकडे पुष्कळ ठिकाणी जमिनीची मालकी नसे, नुसता वहिवाटीचा हक्क. गाडी बंद झाली की जमीन शेजारच्या शेतकऱ्याकडे परत, आणि एकदा तुकडे पडले की त्या मार्गाने पुन्हा रेल्वे नेणं संपलंच. म्हणून १९८३ मध्ये कायदा बदलला. मार्ग मोडायचा नाही, तूर्त लोकांना चालू द्यायचं, उद्या गाडी हवी झाली तर रेल्वेने जागा परत घ्यायची. जमीनमालक कोर्टात गेले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण जमीनमालकांना भरपाई मागता येईल असंही म्हटलं. मला ते रास्त वाटतं. ज्याच्या बांधाला लागून रोज परकी माणसं फिरणार, त्याचा राग समजू शकते.

शकुंतलेच्या जागेवर सायकलींची वाट करा, असं मात्र मी म्हणणार नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूरच्या माणसाला फेरफटका नको, गाडी हवी आहे, तीही परवडणारी. पण ब्रॉडगेजची मागणी मान्य होईपर्यंत ती पट्टी मध्ये कुठे तुटता कामा नये. तुम्ही मंडळी निवेदनं देता, त्यात ही तूर्त वापराची अट घालून पाहा ना. रूळ जागेवर ठेवून कडेने पायवाट, झाडं, काहीही चालेल. वापरात असलेल्या जागेवर टपरी टाकायला माणूस दोनदा विचार करतो.

एक काम करा. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनापासून पुढची जागा कागदोपत्री कोणाच्या नावे आहे, ते तलाठ्याकडे विचारून ठेवा. जुना नकाशा मिळाला तर मोबाइलवर फोटो काढून पाठवा, पण या वेळी उभा धरून काढा. आईला तिखटाचं पार्सल मिळाल्याचं सांगा, लोणच्याची बरणी फुटली नाही. पोरांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची लेक,
नंदा