लिलियन रॉक्सन वाच, मग लिहायला बस

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रॉक संगीतावर लिहिणं हेच आपलं काम, असं तू ठरवल्याचं कळवलंस. बाबांचं आणि माझं बोलणं झालं. आमची ना नाही. पैशांचं बाबा तुझ्याशी वेगळं बोलतील. मला तुला एका बाईबद्दल सांगायचं आहे. रॉकचा समीक्षक लेस्टर बँग्ज तुला जवळजवळ तोंडपाठ आहे, पण लिलियन रॉक्सनचं नाव तुझ्या बोलण्यात कधी आलं नाही.

लिलियन 1932 साली इटलीतल्या अलासिओला जन्मली. कुटुंब ज्यू, मूळचं पोलंडकडचं. युरोपातले दिवस फिरले तसं ते देश सोडून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जाऊन राहिलं. लिलियननं सिडनीत पत्रकारिता सुरू केली, 1959 मध्ये न्यूयॉर्क गाठलं आणि पुढं 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड'च्या तिथल्या कचेरीत बातमीदार झाली. 1964 च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले तेव्हा ती बत्तिशीला आलेली. 'क्रॉडॅडी' हे रॉकवरचं नियतकालिक 1966 मध्ये पॉल विल्यम्सनं काढलं, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. लिलियन या पोरांच्या पिढीतली नव्हती. बातमी कशी मिळवायची, नाव कसं तपासायचं, हे हाताला वळण लागून मग ती रॉककडे आली. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो इथून.

1969 मध्ये तिचा 'रॉक एन्सायक्लोपीडिया' निघाला. ते साल वुडस्टॉकच्या प्रचंड रॉक महोत्सवाचं. रॉक म्हणजे पोरासोरांचं दोन दिवसांचं वेड, असं तेव्हा कितीतरी शहाणी माणसं मानत होती, आणि ही बाई त्याचा कोश करत बसली होती. कुठला बँड, त्यात कोण कोण, कोण कधी सोडून गेलं, कुठली रेकॉर्ड, तिच्यावर कुठली गाणी. एक नोंद पुरी होते न होते तोच बँड फुटायचा. आज ही माहिती तुला घटकेत सापडते; तेव्हा ती एका जागी कुठंच नव्हती. ती गोळा करायची, जुळवायची, आणि हे सगळं वर्तमानपत्राची नोकरी सांभाळून. शिवाय ती नुसती जंत्री झाली नाही. त्या नोंदींमध्ये तिची मतं आहेत, आवडनिवड आहे, कुणाचा आवाज अंगावर कसा येतो ते आहे. तुझ्या लिखाणात मतं भरपूर असतात, मृणाल, आणि ती मला आवडतात. पण ड्रम्स कोणी वाजवले ते कित्येकदा सापडत नाही. वाजवणाऱ्याचं नाव बिनचूक लिहिणं ही त्याच्या कामाची पहिली दखल आहे, असं मी मानते.

आता अवघड भाग. न्यूयॉर्कच्या 'मॅक्सेस कॅन्सस सिटी' या नाइटक्लबमध्ये गायक, चित्रकार, लेखक रात्र रात्र बसायचे, त्यांत लिलियन असायची. छायाचित्रकार लिंडा ईस्टमन तिची जिवलग मैत्रीण. 1969 मध्ये लिंडाचं बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीशी लग्न झालं आणि तिनं न्यूयॉर्कच्या जुन्या मैत्रिणींशी संबंध तोडले. 1973 मध्ये मॅकार्टनीचा टीव्हीवर खास कार्यक्रम झाला. लिलियननं त्यावर लिहिलं आणि लिंडाला अक्षरशः फाडून काढलं. त्यात गाण्याबद्दलचा राग किती आणि दुखावलेल्या मैत्रिणीचा किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. वाचकाला वेगळं करता येत नसेल तर ते परीक्षण राहत नाही, हे माझं ठाम मत आहे. या धंद्यात कलाकारांशी ओळखी होणारच, व्हायलाही हव्यात. लिलियनला जे दिसलं ते त्या बैठकींमुळेच दिसलं. मात्र ज्याच्याशी जीव लागला किंवा तुटला, त्याच्यावर लिहायची वेळ आली तर ते काम दुसऱ्याला दे. देता आलं नाही, तर नातं काय होतं ते वाचकाला पहिल्याच परिच्छेदात सांग.

आणि ओळख नसतानाही खरं बोलल्याची किंमत पडते, ते तुझ्या बँग्जनं दाखवलंच. 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकानं 1973 मध्ये कलावंतांचा मान राखत नाही म्हणून त्याला दूर केलं. त्याचं लिहिणं थांबलं नाही. डेट्रॉइटच्या 'क्रीम' या रॉकवरच्या मासिकात तो लिहीतच होता, आणि आज आपण त्याला वाचतो ते त्या बेधडकपणासाठीच.

पण तो 1982 मध्ये गेला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. वेदनाशामक आणि इतर औषधं एकत्र पोटात गेली. लिलियन 1973 च्या ऑगस्टमध्ये दम्यानं गेली, एक्केचाळिसाव्या वर्षी, आपल्या घरात एकटी. दमा बळावत होता आणि तरी ती नवे बँड ऐकायला जात होती. 'न्यूयॉर्क डॉल्स' या बँडवर भरभरून लिहिणाऱ्यांत ती होती. लोकांना यात झपाटलेपण दिसतं. मला त्या घरातला एकटेपणा दिसतो. म्हणून हे सांगणं टाळणार नाही: रात्रीची कॉन्सर्ट असली तर दुसऱ्या दिवशी झोप काढ, अंगावर दुखणं काढू नकोस, आणि कानात इअरप्लग घातल्याशिवाय स्पीकरजवळ उभी राहू नकोस. 100 डेसिबलच्या आवाजात दिवसाला पंधरा मिनिटं, एवढीच मर्यादा अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची संस्था सुचवते. कॉन्सर्ट दोन तास चालते. तुझ्या कामाचं हत्यार म्हणजे तुझे कान. ते गेले तर दुसरे मिळत नाहीत.

सध्या तू जो बँड सारखा ऐकतेस, त्याची एक नोंद लिलियनच्या पद्धतीनं लिहून मला पाठव. कोण, कधीपासून, काय वाजवतं, अल्बम कुठले, आणि ते ऐकताना काय होतं ते चार ओळींत. मी त्यांचं एकही गाणं ऐकलेलं नाही. तुझी नोंद वाचेपर्यंत ऐकणारही नाही.

तुझी,
आई