खिळ्यावरचा लेड अ‍ॅप्रन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अणुऊर्जेच्या नव्या ‘शांती’ कायद्यावरची सगळी चर्चा खासगी कंपन्यांचा प्रवेश आणि अपघातानंतरच्या भरपाईची मर्यादा यांभोवती फिरते. याच कायद्याने किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे मात्र दोन ओळींत उरकले जाते. 1983 पासून हे मंडळ सरकारी आदेशावर चालले आणि अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिले. आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा विभागाचे सचिव, आणि अणुभट्ट्या चालवणारे महामंडळही त्याच विभागाचे. परीक्षेला बसणारा आणि पेपर तपासणारा एकाच घरातले!

या मंडळाचे नाव काढले की लोकांना तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आठवतो. पण गल्लीतल्या एक्स-रे मशीनचा परवानाही तेच देते. मी तीस वर्षे एक्स-रे काढले. एका ठिकाणी लेड अ‍ॅप्रन, म्हणजे किरणांपासून वाचवणारा शिशाचा अंगरखा, घडी करून खिळ्याला अडकवत. घडीवर आतले शिसे तडकते, वरून काही कळत नाही. एकदा मी त्या अ‍ॅप्रनचाच एक्स-रे काढला. मधोमध काळी रेघ! डॉक्टरांना फिल्म दाखवली, तर म्हणाले, “बघू पुढच्या महिन्यात.” किरणोत्सर्ग मोजणारे आमचे बॅज ड्रॉवरमध्येच असायचे, त्यामुळे तिमाही अहवाल नेहमीच उत्तम. रडणाऱ्या पोराला धरायला त्याच्या आजीला बिनअ‍ॅप्रनचे आत उभे करायचो. मीही केले आहे, खोटे कशाला बोलू?

‘कॅग’च्या 2012 च्या अहवालानुसार देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी 52,173 नोंदणीविना चालत होती. तेव्हा नियम मोडल्यास दंड होता जास्तीत जास्त 500 रुपये. त्याआधी 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षे पडून असलेले गॅमा यंत्र लिलावात विकले. आतल्या किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 ने मायापुरीच्या भंगार बाजारात एकाचा जीव घेतला. त्यानंतर ऑनलाइन नोंदणी आली, ते चांगलेच झाले. पण संगणकावर अर्ज भरताना खिळ्यावरचा अ‍ॅप्रन कोणाला दिसतो?

वैधानिक दर्जा मिळालाच आहे, तर मंडळावरच्या नेमणुका अणुऊर्जा विभागाच्या हाती ठेवू नयेत आणि तपासनीस तालुक्यापर्यंत पाठवावेत. हॉटेलात अन्न परवाना भिंतीवर लावावा लागतो. तसा एक्स-रे खोलीच्या दारावर परवाना क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख, मराठीत आणि ठळक अक्षरांत, सक्तीची करावी.

– एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, सातारा