हॉटेल मागाहून बघ, आधी वारा बघ

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तिन्ही रिसॉर्टं आम्ही दोघांनी बघितली. आईने फोटो बघितले, मी नकाशा बघितला, त्यामुळे आमचं एकमत झालं नाही हे तुला सांगायला नकोच. आईला इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं आवडलं. केदाररावांचा कल तुर्कस्तानकडे आहे, कारण तिथे अबीरसाठी घसरगुंड्या आहेत. ग्रीसच्या क्रीट बेटाच्या बाजूने घरात कुणीच नाही. मी आहे; पण तू ठरवलेल्या ऑगस्टमध्ये नाही, आणि तू निवडलेल्या त्या डोंगरउतारावरच्या व्हिलात तर नाहीच. फोनवर सांगायला गेलो की अबीर फोन काढून घेतो, म्हणून लिहितोय.

मी काही हॉटेलातला जाणकार नव्हे. बोटीच्या इंजिनरूममध्ये उमेद गेली, आणि भूमध्य समुद्राशी ओळख झाली ती पिरियस, इझमीर, जेनोआ इथल्या तेलकट धक्क्यांवरून. तेव्हा स्पा, संगमरवरी न्हाणीघर, उशांची यादी यांवर मी बोलणार नाही. तू मोजणार आहेस त्या पैशांत ते सगळीकडे चांगलंच असणार. पाच तारे इमारतीला मिळतात. समोरची खाडी कोणत्या दिशेला उघडी आहे, हे त्यात धरत नाहीत.

आधी वाऱ्याचं सांगतो, कारण तुझ्या यादीत तो कुठेच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आकाश स्वच्छ, पावसाचा थेंब नाही, आणि वारा मात्र दिवसचे दिवस, वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्टच्या मापाने, सहा-सात. बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, म्हणून तो सुटतो. तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आपला मॉन्सून ओढून आणणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्याचंच पश्चिमेकडचं टोक. म्हणजे रत्नागिरीला आपण खिडक्या बंद करून बसलेलो असतो, त्याच दिवसांत क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर छत्र्या उलट्या होतात, आणि दोन्हीचं कारण बऱ्याच अंशी एकच. दुपारी वारा चढतो, रात्री बहुधा उतरतो. हॉटेलचे फोटो सकाळी सातला काढलेले असतात, तेव्हा पाणी काचेसारखं दिसतं. अबीर पाण्यात उतरणार अकरानंतर.

सप्टेंबर अर्धा सरला की मेल्तेमीचा जोर ओसरतो, आणि समुद्र मात्र उन्हाळाभर तापलेला असतो. क्रीटला तेव्हाही पाणी साधारण पंचवीस अंशांवर असतं. शिवाय तुमच्याकडच्या, म्हणजे जर्मनीत बव्हेरियातल्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात. अबीर अजून किंडरगार्टनमध्ये आहे, तुम्हाला शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही. मग ज्या आठवड्यांत अर्धं म्युनिक विमानात बसलेलं असतं, तेच आठवडे जास्त पैसे मोजून कशाला घ्यायचे? एक अडचण आहे ती आपल्या घरची. गणपती बसल्यावर दीड दिवसाने विसर्जन झालं, की मगच आई उंबरा ओलांडेल. आणि प्रवास पितृपक्षात आला तर चालेल का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. ते तू विचार, तुला ती नाही म्हणत नाही.

आता तिन्ही ठिकाणांकडे येतो.

सार्डिनियाचा कोस्टा स्मेराल्डा मला माणसाने विचार करून घडवलेला किनारा म्हणून आवडतो. 1962 साली इस्माइली पंथाचे धर्मगुरू चौथे आगाखान यांनी तिथल्या जमीनमालकांचा संघ उभा केला आणि त्या ओसाड ग्रॅनाइटच्या किनाऱ्यावर पोर्तो चेर्वो वसवलं. इमारती खडकांत आणि झुडपांत मिसळून जाव्यात असा त्यांचा आग्रह होता. आईला ज्या भिंती आवडल्या, त्या त्या आग्रहामुळे तशा आहेत. याच आगाखानांनी पुण्याचा आगाखान पॅलेस 1969 साली देशाला दिला. हे सांगितल्यावर आईचं मत आणखीच पक्कं झालं, ते मी बोललो नसतो तर बरं होतं. पण तिथला वारा म्हणजे मिस्त्राल. तो वायव्येकडून येतो आणि कॉर्सिका-सार्डिनियामधल्या बोनिफाचोच्या सामुद्रधुनीतून घुसतो. सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम अकरा किलोमीटर आहे, म्हणजे तिथे वाऱ्याचा वेग वाढणारच. मोठ्या शिडाच्या नौकांच्या शर्यती सप्टेंबरमध्ये पोर्तो चेर्वोलाच भरतात. शर्यतवाले जागा उगाच निवडत नाहीत. नकाशा उघडलास की एवढं कर : जवळपास विंडसर्फिंगची शाळा दिसली, तर चार वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे हॉटेल घेऊ नकोस.

दरांबद्दल मी गप्प बसणार होतो, पैसे तुमचे आहेत. पण तिथल्या नावाजलेल्या हॉटेलांत हंगामात एका रात्रीचे हजार युरोंच्या पुढे जातात, आणि चांगले छोटे किनारे बघायचे तर वर गाडी किंवा बोट लागतेच. दोन माणसं लग्नाच्या वाढदिवसाला गेली तर समजू शकतो. आजी, आजोबा आणि नातू घेऊन तिथे जाणं म्हणजे दुसऱ्यांच्या नौका बघण्याचे पैसे देणं.

तुर्कस्तानचं बेलेक मात्र मुलांसाठी खरोखर सोयीचं आहे, केदारराव चुकत नाहीत. अंतल्या विमानतळापासून अर्ध्या-पाऊण तासावर, किनारा वाळूचा, पाठीमागे तोरोस डोंगर असल्याने उत्तरेचा वारा अडतो. सगळं खाणंपिणं दरातच. ऑगस्टमध्ये पाणी अठ्ठावीस अंशांपर्यंत जातं आणि हवा इतकी दमट होते की मुंबईच्या ऑक्टोबरची आठवण यावी, पण सप्टेंबरअखेर सुसह्य होते. त्यांच्या जेवणात ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या गार भाज्या आणि मसुराचं सूप असतं, आईचं पोट भरेल. (तेच लारा भागातलं हॉटेल कुणी सुचवलं तर नको म्हण. विमानतळ अगदी जवळ, डोक्यावरून विमानं जातात.)

माझी हरकत दोन गोष्टींना आहे. पहिली कागदाची. आम्हाला जर्मनीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) एकाच प्रवेशाचा मिळाला, तर अंतल्याला जाताना आम्ही शेंगेनमधून बाहेर पडलो आणि तो संपला. तिथून म्युनिकला परत येता येणार नाही, थेट मुंबई. तुर्कस्तानात शिरणं अवघड नाही. शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. अडचण परतीची आहे. तुमच्याकडे राहण्याचा परवाना आहे म्हणून तुमच्या हे लक्षात आलं नसेल. दुसरी हरकत अशी की तसल्या रिसॉर्टातून कुणी बाहेर पडतच नाही. फाटकाबाहेर हमरस्ता, पलीकडे दुसऱ्या रिसॉर्टचं फाटक. सात दिवस तिथे राहून तुर्कस्तान पाहिल्यासारखं वाटेल असं मला वाटत नाही. आपल्या सोसायटीतल्या मंडळींची तिसरी हरकत आहेच. 2025 च्या मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं नाकारली, तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर तुर्कस्तानचं नाव काढायची सोय नाही. ती हरकत मी तुझ्यावर लादत नाही.

राहिलं क्रीट. तू निवडलेला एलुंडाचा भाग मला पटतो. हेराक्लिओन विमानतळापासून सत्तरेक किलोमीटर. उत्तर किनाऱ्यावर असूनही समोर स्पिनालोंगाचा द्वीपकल्प आडवा पडलेला आहे, त्यामुळे आतलं पाणी उथळ आणि बरंच निवाऱ्यातलं. गाव चालत गाठता येतं, बंदरावर कोळ्यांच्या होड्या असतात, जवळ व्हेनिसकरांच्या काळातली मिठागरं आहेत आणि ओलुस नावाचं जुनं शहर पाण्याखाली गेलेलं आहे. शांत दिवशी त्याच्या भिंती दिसतात. मिठागरं म्हटल्यावर आईचे कान टवकारले.

होडीने स्पिनालोंगाच्या बेटावर जाता येतं. व्हेनिसच्या लोकांनी 1579 पासून तिथे किल्ला बांधायला घेतला, 1715 मध्ये तो ऑटोमन तुर्कांकडे गेला. आणि 1903 पासून 1957 पर्यंत त्या बेटावर कुष्ठरोग्यांना नेऊन ठेवत. 1936 मध्ये एपामिनोंदास रेमुंदाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी रोगी म्हणून तिथे आला. त्याने रहिवाशांचा संघ काढला, रस्ते झाडले, घरं रंगवली, हक्कांसाठी भांडला. पुढे औषध आलं आणि वसाहत बंद झाली. आपल्याकडे 1949 मध्ये आनंदवन उभं राहिलं, त्याच सुमाराची ही गोष्ट. आई आनंदवनला जाऊन आलेली आहे, तिला तिथे सोबत ने. अबीरला फक्त किल्ला म्हणून सांग.

आता तुझ्या त्या व्हिलाबद्दल. फोटोत तो समुद्रावर तरंगतोय. नकाशावर उंचीच्या रेषा बघितल्यास तर किनाऱ्यापासून चांगलाच वर आहे. एलुंडाची बरीच रिसॉर्टं उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली आहेत, खाली जायला पायऱ्या किंवा फोन करून मागवायची छोटी बॅटरीची गाडी. तुझ्या आईचे गुडघे आणि अबीरची दर अर्ध्या तासाची शू, यांना गाडीची वाट बघणं परवडणारं नाही. वरच्या मोठ्या व्हिलाऐवजी खालच्या टप्प्यावरच्या साध्या दोन खोल्या घे. स्वतःचा पोहण्याचा तलाव नको. एक तर चार वर्षांचं पोर आणि दाराशी पाणी, रात्री आम्हाला झोप लागणार नाही. आणि हंगामाच्या दोन्ही टोकांना ते तलाव गरम केलेले नसले तर बर्फगार असतात.

किनाऱ्याची कल्पना आपल्या गणपतीपुळ्यावरून करू नकोस. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाही, पाणी वीत-दोन वीत वर-खाली होतं, एवढंच. म्हणजे फोटोत जेवढी पट्टी दिसते तेवढीच, ओहोटीला वाढणार नाही. एलुंडाला पुष्कळ ठिकाणी खडेच असतात किंवा लाकडी फलाटावरून शिडीने उतरायचं असतं. वाळू हवी तर ‘वाळूची उथळ खाडी आहे का’ असं स्पष्ट लिहून विचार. काठाला तपकिरी पाल्याचे ढीग दिसले तर नाक मुरडू नकोस. ते पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत, स्वच्छ पाण्यातच वाढतं. लोक त्यावरून एक तारा देऊन मोकळे होतात.

‘खासगी किनारा’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे देऊ नकोस. ग्रीसमध्ये कायद्याने किनारा सगळ्यांचा. 2023 मध्ये पारोस बेटावरचे लोक आरामखुर्च्यांच्या अतिक्रमणाविरुद्ध टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले, आणि पुढच्याच वर्षी सरकारने नियम कडक केले. हॉटेल खुर्च्यांचे पैसे घेऊ शकतं, समुद्राचे नाही.

दराच्या खाली बारीक अक्षरात एक कर असेल. पंचतारांकित हॉटेलात एप्रिल ते ऑक्टोबर एका खोलीला एका रात्रीचे 15 युरो. दोन खोल्या, सात रात्री, म्हणजे 210 युरो, ते तिथे गेल्यावर वेगळे भरायचे. दुसरं, ‘फक्त प्रौढांसाठी’ असं कुठे लिहिलंय का बघ. या दर्जाच्या कितीतरी हॉटेलांत सोळाच्या आतल्यांना घेतच नाहीत. जेवणाचं अर्धं पॅकेज घे, नाश्ता आणि रात्रीचं. दुपारी गावात जाऊ. आईच्या चातुर्मासाचं काळजीचं कारण नाही. ग्रीक लोकांचेही उपवास असतात, तेव्हा ते मांस, दूध, अंडी सोडतात. खानावळीत ‘निस्तिसिमो’ मागितलं की कळतं. मोठ्या घेवड्याची भाजी, रानभाजी, तेलात शिजवलेली भेंडी. कांदा-लसूण मात्र नको म्हणून सांगावं लागेल, आणि त्यांना ते पटणार नाही. शेवटी राकी नावाच्या दारूचा छोटा ग्लास फुकट आणून ठेवतात, त्याचं मी बघून घेईन.

पैसे परत न मिळणारा दर घेण्याआधी हॉटेलला एक मेल टाक : खोलीपासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती, खाडीचं तोंड कोणत्या दिशेला, रात्री गाणी किती वाजेपर्यंत. उत्तरात नुसता ‘अविस्मरणीय अनुभव’ आला, तर दुसरं हॉटेल बघ.

तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून आमच्या व्हिसासाठीचं हमीपत्र लवकर काढून ठेव. तीस हजार युरोंचा प्रवास विमा मी इथून काढतो. हॉटेलच्या बुकिंगवर आम्हा दोघांची नावं हवीत, आणि आईचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिही. तिथे माहेरचं आडनाव आहे, हे केदाररावांना माहीत नसेल.

तुझा,
बाबा