शिवण कुठल्या अंगाला झोपवायची?

महाल, नागपूर

प्रिय शालू,

तुझं पत्र आणि सोबतचे गोधडीच्या नमुन्याचे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, मिळाले. सुलट बाजूला नाव ठेवायला जागा नाही. टाका सरळ, माया, म्हणजे शिवणीबाहेर उरणारी कापडाची पट्टी, सगळीकडे पाव इंच. पण उलटे करून बघितले तर शिवणी जिकडे मन झालं तिकडे पडलेल्या, म्हणूनच तुझे कोपरे जुळत नाहीत. "शिवण गडद रंगाच्या तुकड्याकडे वळवून इस्त्री करायची असं सगळ्या सांगतात, मग माझंच का बिघडतं?" असं विचारतेस. अगं, तो नियम अर्धाच आहे आणि तुझ्या कापडाला तर लागूही पडत नाही.

गडद रंगाकडे का वळवतात? फिक्या कापडाखाली गडद माया गेली की वरून तिची सावली दिसते. कारण एवढंच. नेहमीचा नऊ चौकोनांचा ब्लॉक घे. पहिली ओळ गडद-फिका-गडद, दुसरी फिका-गडद-फिका, तिसरी परत पहिलीसारखी. सगळ्या शिवणी गडदाकडे वळवल्या की पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतल्या बाहेर जातात, मधल्या ओळीतल्या आत येतात. शेजारच्या ओळी आपोआप उलट सुलट होतात, कोपरे चपखल बसतात आणि बाईला वाटतं, गडद रंगाची किमया! खरं काम उलट दिशांनी केलेलं असतं.

तुझ्याकडे तर काकूंच्या साड्या. एका तुकड्यात गर्द बुट्टी आणि फिकी जमीन दोन्ही, दुसऱ्यात काठ आणि पदर एकत्र. यातलं गडद कोणतं, सांग बरं. म्हणून रंग सोड आणि शेजार बघ. एकाआड एक ओळ धर: पहिलीच्या सगळ्या शिवणी डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या परत डावीकडे. इस्त्री हातात घ्यायच्या आधी प्रत्येक ओळीच्या उलट बाजूला खडूने बाण काढ. मी अजूनही काढते. एखादा तुकडा फारच झिरझिरीत असेल आणि त्याच्याखाली गडद माया जाणं टळत नसेल, तर ती गडद माया दोन धागे कमी काप, म्हणजे फिक्या मायेच्या बाहेर डोकावणार नाही.

आता हे का, ते थर मोजून बघ. शिवण एका अंगाला झोपवली की त्या बाजूला तीन थर होतात, वरचं कापड आणि दोन माया. दुसऱ्या बाजूला एकच. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या आणि दोघींच्या शिवणी एकाच दिशेला असल्या, तर एकीकडे सहा थर आणि दुसरीकडे दोन. तिथे मशीनचा पाय अडखळणारच, आणि खालची ओळ सरकणारच. उलट दिशांना असल्या तर तीन अधिक एक आणि एक अधिक तीन, दोन्हीकडे चारच. शिवाय दोन उंचवटे एकमेकींना अडतात. चिमटीत धरून हलवलंस तर खट्कन बसल्याचं बोटाला कळतं. मग टाचणीही फारशी लागत नाही.

शिवण उघडून, म्हणजे एक माया इकडे आणि एक तिकडे करून, इस्त्री करणाऱ्याही पुष्कळ आहेत. ती पद्धत वाईट नाही. आठ टोकं एका बिंदूत येणारी चांदणी करशील तेव्हा तसंच कर, नाहीतर मध्ये गाठीसारखा उंचवटा येतो. मात्र टाका बारीक घ्यायचा, अडीचऐवजी दोन मिलिमीटरचा, कारण उघडलेल्या शिवणीत दोन तुकड्यांच्या मध्ये नुसता दोरा असतो. आत भरलेल्या कापसाचे तंतूही तिथून वर यायला बघतात. आणि शिवणीच्या अगदी कडेने वरची टीप मारायची असेल तर उघडी शिवण नकोच, सुई थेट जोडाच्या दोऱ्यावर पडते. तू काही तुकडे हाताने, धावदोऱ्याने जोडणार म्हणतेस. ते तर एकाच अंगाला वळव, वाद नको.

साध्या चार चौकोनांच्या जोडाला माझी आवडती युक्ती वेगळी आहे. शेवटची शिवण घातली की मधल्या चौकात आधीच्या दोन शिवणींचे मायेत गेलेले दोन-तीन टाके उसव, शेवटच्या शिवणीतले नाही, फक्त मायेतले. मग शेवटच्या शिवणीचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली वळतो, आणि चारही शिवणी भिंगरीसारख्या एकाच दिशेने फिरतात. मध्ये नखाएवढे चार चौकोन दिसतात. बोट फिरवून बघ, उंचवटा जवळजवळ जातो.

जाड आणि पातळ कापड शेजारी आलं तर माया पातळाकडे वळव. माझ्या ट्रंकेत एम्प्रेस मिलच्या चादरीचा तुकडा आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली इथे सुरू केलेली ती मिल कधीच बंद पडली, पण चादर काही विरत नाही! मलमलीशेजारी तो लावला की शिवण स्वतःच जाडापासून दूर पडते. तिच्याशी भांडायचं नाही.

इस्त्रीचंही सांगते. शर्टावर फिरवतो तशी इथे फिरवायची नाही. उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. आधी शिवण मिटलेलीच दाबून घे, टाका कापडात बसतो. मग कापड सुलट बाजूने उघडून इस्त्रीच्या कडेने शिवणीलगत दाब. तिथे बारीक घडी राहिली तर ब्लॉक लहान होतो. आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी, प्रत्येकीत एक मिलिमीटर गेला तरी सात मिलिमीटर, म्हणजे पाव इंचाहून जास्त. त्रिकोण जोडशील तेव्हा वाफ बंद. तिरकी कड उरेब, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपी कापलेली असते, जरा ओढ बसली की वाढते. टेबलावर सतरंजी आणि वर जुनी सुती चादर पुरे, गादीवर नको, शिवण त्यात रुतते.

आपल्या आज्यांना ही कटकट नव्हती, खरं आहे. त्या जुन्या लुगड्यांच्या थरांवर तुकडा ठेवायच्या, कडा आत दुमडायच्या आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत पुढे जायच्या. जोड आणि गोधडी एकाच वेळी होत होतं, वेगळी माया वळवायची वेळच येत नसे. तुला तसं करायचं असेल तर मी आनंदाने शिकवीन. पण नातवासाठी चांदणीच हवी म्हणतेस, तर या कटकटीला पर्याय नाही.

इथे बाप्पा, ऊन असं आहे की इस्त्री सकाळी सातच्या आत उरकते. नंतर कूलर लावला की कापलेले तुकडे घरभर उडतात, आणि बंद ठेवला तर मी शिजते. अस्तराचं कापड गांधीबागेतून आणून ठेवते, तू फक्त लांबी-रुंदी कळव. तू घेतलेलं ते नवं लाल कापड मात्र धुतल्याशिवाय जोडू नकोस. ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून गरम इस्त्री दाब. रुमाल गुलाबी झाला तर परत भिजव.

भाऊजींना नमस्कार, बाळाला खूप आशीर्वाद.

तुझी,
बेबी