नाकाचं हाड आणि जिम लॉवेल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन दोन मिनिटांत ठेवलास म्हणून हे लिहितेय. एसएसबी, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायची मुलाखत, निघाली आणि मेडिकलला नाकाच्या वाकड्या हाडावरून टेम्पररी अनफिट, म्हणजे राग येणारच, मलापण आलाय. रात्री झोप लागेना म्हणून जिम लॉवेलबद्दल वाचत बसले, तोच तो चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ वाला अंतराळवीर, ज्याचा फोटो तू आठवीत कपाटाला चिकटवलेलास आणि अजून निघत नाहीये.

अरे त्यालाही मेडिकलनेच उडवलं होतं! १९५९ ला नासाने पहिले सात अंतराळवीर निवडले तेव्हा हा नेव्हीचा टेस्ट पायलट, आणि रक्तात बिलिरुबिन जास्त निघालं, आपण काविळीत बघतो ना तेच, झालं, बाद. मग काय, गेला परत नेव्हीच्या कामावर, फँटम विमानांच्या टेस्टिंगला. १९६२ ला पुन्हा अर्ज केला तेव्हा घेतला.

पण मला आवडला तो त्याच्या आधीचा किस्सा. जपानजवळ, रात्र, खाली कुठेतरी विमानवाहू जहाज आणि हा चुकीच्या सिग्नलमागे भरकटलेला. वाचायला म्हणून स्वतःच बनवलेला छोटा दिवा लावायला गेला तर शॉर्टसर्किट होऊन कॉकपिटमधले सगळेच दिवे गेले, बाईच्या जातीला लगेच कापरं भरलं वाचताना. आणि त्या मिट्ट काळोखात त्याला पाण्यावर हिरवट चमकणारा पट्टा दिसला, जहाजाच्या पंख्याने ढवळलेल्या समुद्रातले बारीक जीव चमकत होते. त्या पट्ट्यावरून तो जहाजापर्यंत पोचला. दिवे चालू असते तर दिसलाच नसता म्हणे. आठवतं, भाट्याला डिसेंबरात लाटा निळ्या पेटल्यासारख्या दिसलेल्या आणि तू चप्पल घालूनच पाण्यात पळालेलास? तसलंच काहीतरी.

पुढचं तुला पाठच आहे, जेमिनी यानं, अपोलो ८, मग १९७० ला अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली आणि चार दिवस कुडकुडत कसेबसे परत. दोनदा चंद्रापर्यंत जाऊन त्याचा पाय काही चंद्राला लागला नाही, मला तेच जास्त लागलं बघ. ९७ वर्षं जगला, २०२५ च्या ऑगस्टात गेला.

नाकाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतलीय, सकाळी साडेदहा. उपाशी यायला लागेल का ते विचारून कळवते. कोकणकन्येने येणार असशील तर बाबा स्टेशनवर येतील.

तुझी
आई